कागदावरचे नाते

चेन्नईच्या अण्णा सालई रस्त्यावरून बसने जाताना जेमिनी उड्डाणपुलापाशी अमेरिकन वकिलातीची इमारत लागते. सकाळच्या प्रहरी तिच्या भिंतीलगत माणसांची रांग असते. प्रत्येकाच्या हाती कागदपत्रांची फाइल, अंगावर इस्त्रीचे कपडे आणि चेहऱ्यावर परीक्षेस बसणाऱ्याची काळजी. नात्याच्या आधारावर कायमचे राहावयास जाणाऱ्यांच्या मुलाखती मुंबईच्या वकिलातीत होतात. येथील रांग बहुधा विद्यार्थ्यांची, नोकरदारांची आणि नातवंडांना भेटावयास निघालेल्या आजी-आजोबांची असते. तरीही ती दिसली की मला एका घराची आठवण होते आणि त्या घराने मला विचारलेला प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो.

प्रश्न असा : जो देवासमोर विवाहित आहे, त्याने सरकारी कागदावर स्वतःला अविवाहित म्हणवावे काय?

वाचकहो, आपल्यापैकी काहींना हा प्रश्नच वाटणार नाही. खोटे ते खोटे, त्यात विचार कसला, असे ते म्हणतील. काहींना तो नको तितका सोवळेपणाचा वाटेल. मी स्वतः या दोन्ही टोकांना उभा राहून पाहिले आहे, म्हणूनच हे लिहीत आहे. त्या कुटुंबाची ओळख पटू नये यासाठी नावे देत नाही व काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र तोच आहे.

एक घर आणि दोन खंड

हे कुटुंब मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. वडील पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरीस लागले आणि चेन्नईचेच झाले. महिन्यातून एकदा आम्ही काही मराठी कुटुंबे घरोघर प्रार्थनेसाठी जमतो, तेथे आमचा परिचय झाला. त्यांची धाकटी बहीण परिचारिका म्हणून अमेरिकेस गेली, तेथील नागरिक झाली आणि तिने २००१ साली भावासाठी अर्ज भरला. आपल्या लोकांच्या भाषेत, तिने 'फाइल टाकली'.

ही फाइल कशी चालते, हे समजल्याशिवाय पुढील पेच ध्यानात यावयाचा नाही. अमेरिकेच्या कायद्याने नातेवाइकांचे दोन भाग केले आहेत. नागरिकाचा पती किंवा पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. बाकीच्यांसाठी वर्षाला सुमारे २ लाख २६ हजार व्हिसा ठेवलेले असून कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतील ७ टक्क्यांहून अधिक साधारणतः येत नाहीत. त्यामुळे रांगा लागतात. अलीकडच्या स्थितीनुसार भारतातील भावंडांची रांग अठरा-एकोणीस वर्षांची, नागरिकाच्या विवाहित मुलामुलींची चौदा वर्षांच्या आसपास आणि ग्रीन कार्डधारकाच्या एकवीस वर्षांवरील अविवाहित मुलामुलींची आठ-नऊ वर्षांची आहे. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलामुलींसाठी तर रांगच नाही. त्या कायद्याच्या दृष्टीने ते कुटुंबात मोडतच नाहीत.

या भावाचा क्रमांक २०१३ साली, बारा वर्षांनी आला. फाइल पडली तेव्हा त्याची मुलगी चौदा वर्षांची होती. क्रमांक आला तेव्हा ती सव्वीस वर्षांची झाली होती. अर्जाच्या तपासणीस लागलेला काळ मुलाच्या वयातून वजा करण्याची सवलत २००२ च्या एका कायद्याने दिली आहे. तो काळ वजा करूनही ती एकविसाच्या पुढेच राहिली. आईवडिलांना व धाकट्या भावाला व्हिसा मिळाला. तिला मिळाला नाही. त्या रात्री मीनंबाक्कमच्या विमानतळावर आम्ही त्यांना निरोप द्यावयास गेलो होतो. परतताना सेंट थॉमस माउंटच्या टेकडीवरचे दिवे दिसत होते. प्रेषित थोमा घर सोडून दूरदेशी आला आणि याच टेकडीवर मरण पावला, अशी इकडची परंपरा आहे. गाडीत ती मुलगी एक शब्दही बोलली नाही.

वडिलांनी अमेरिकेत पोचताच तिच्यासाठी नवी फाइल टाकली : ग्रीन कार्डधारकाची अविवाहित कन्या. अंदाजे सात वर्षे. या सात वर्षांत तिचे लग्न झाले, तर फाइल त्याच दिवशी रद्द. वडील मध्यंतरी नागरिक झाले आणि त्यानंतर तिने लग्न केले, तर फाइल जिवंत राहते, पण विवाहित मुलांच्या अधिक लांब रांगेत जाते. नागरिक होण्यास ग्रीन कार्डानंतर साधारणतः पाच वर्षे लागतात.

आणि २०१४ साली तिचे लग्न ठरले. मुलगा येथलाच, तमिळ ख्रिस्ती, शांत स्वभावाचा. दोघे चर्चच्या गायकवृंदात एकत्र गात असत.

विचारलेला प्रश्न

एके रात्री न्यू जर्सीहून तिच्या वडिलांचा फोन आला. ते मला 'भाऊ' म्हणतात, मी त्यांना 'दादा'.

"भाऊ, तुम्ही शास्त्र शिकलेले. मला एवढंच सांगा. पाळकसाहेबांनी घरीच प्रार्थना करून दोघांना आशीर्वाद द्यायचा. देवासमोर लग्न झालं. रजिस्टरमध्ये सही मात्र आत्ता करायची नाही. पोरगी इकडे आली की पुढं रीतसर नोंद करू. यात पाप आहे का?"

ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हती. व्हिशाची कामे करणाऱ्या एका मनुष्याने ती सुचविली होती, आणि असे पूर्वी काहींनी केले आहे, असेही त्याने सांगितले होते.

मी काय उत्तर दिले? मी म्हणालो, "विचार करून सांगतो, दादा." हे लिहिताना मला संकोच वाटतो, परंतु खरे तेच सांगितले पाहिजे. त्या रात्री मी सत्याचा शोध घेत नव्हतो. 'पाप नाही' असे म्हणता येईल अशी वाट शोधीत होतो. साठीचा मनुष्य रात्रपाळीत दुकानात उभा राहतो, त्याची बायको रोज मुलीच्या फोनची वाट पाहते, आणि मध्ये काय आहे, तर एका फॉर्मवरचा एक चौकोन. विवाहित की अविवाहित? त्या चौकोनासाठी या माणसांना वर्षानुवर्षे तोडून ठेवणे मला निर्दय वाटत होते. आजही वाटते.

शिवाय विवाह म्हणजे काय, हा प्रश्नही होता. विवाह देव जोडतो की सरकार? विवाह देवाने जोडला असेल, तर सरकारच्या वहीत त्याची नोंद उशिरा झाल्याने काय बिघडते? हा विचार वरवर मोठा आध्यात्मिक वाटतो. पण तो टिकत नाही. आपल्याकडे १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार चर्चमधील विवाह हाच कायदेशीर विवाह असतो; वधूवर, पाळक आणि साक्षीदार नोंदवहीत सह्या करतात. तमिळनाडूत तर २००९ च्या कायद्याने सर्वच विवाहांची नोंदणी सक्तीची झाली आहे. नोंद टाळणे म्हणजे पाळकालाही कर्तव्य चुकविण्यास लावणे. आणि वकिलातीत अर्जदाराला हात वर करून शपथ घ्यावी लागते की आपण सांगितले ते सर्व सत्य आहे. तेथे 'अविवाहित' म्हणणारी मुलगी कोणत्या अर्थाने अविवाहित असेल? सरकारच्या दृष्टीने नाही, देवाच्या दृष्टीने नाही आणि तिच्या स्वतःच्या मनाच्या दृष्टीनेही नाही.

अब्राहामाचे अर्धसत्य

त्या दिवसांत मी उत्पत्तीच्या पुस्तकाचा मसुदा तपासीत होतो. भाषांतर करणाऱ्याला शास्त्रवचन हळू वाचावे लागते, म्हणून जे अनेकदा वाचूनही दिसले नव्हते ते दिसते. बाराव्या अध्यायात दुष्काळामुळे अब्राम मिसरात जातो. तो परदेशात निघालेला मनुष्य आहे. तेथील सत्तेचे त्याला भय आहे. आणि सीमेजवळ येताच तो पत्नीला सांगतो की तू माझी बहीण आहेस असे सांग. ज्याला विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणतात, त्याने परक्या देशात प्रवेश करताना आपला विवाह लपविला! माझ्यासमोर असलेला प्रश्न हजारो वर्षे जुना होता.

अब्राहामाजवळ सबब होती. पुढे विसाव्या अध्यायात, गरारात अबीमलेख राजापुढे तेच उघडकीस आल्यावर तो सांगतो की ती खरोखर माझ्या बापाची मुलगी आहे, केवळ आई वेगळी. म्हणजे उच्चारलेला शब्द खोटा नव्हता. पण त्या खऱ्या शब्दाने एक खरे नाते झाकले गेले. शिवाय तो हेही कबूल करतो की घर सोडल्यापासून जेथे जाऊ तेथे हेच सांगावयाचे, असे त्यांचे ठरले होते. एकदाच्या अडचणीपुरते असलेले असत्य पाहता पाहता प्रवासाचा रिवाज झाले. सव्विसाव्या अध्यायात त्याचा मुलगा इसहाक रिबकेविषयी नेमके तेच सांगतो. बापाने मुलाला मेंढरे दिली, विहिरी दिल्या आणि ही सवयही दिली.

मला अधिक अस्वस्थ केले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. या युक्तीची किंमत कोणी दिली? अब्रामाने नव्हे. त्याला मेंढरे, गुरे, गाढवे, उंट, दासदासी मिळाल्या. किंमत दिली सारेने. परक्याच्या वाड्यात तिला नेण्यात आले, आणि त्या अध्यायात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. जिचे नाते लपविले, तिलाच त्या लपविण्याचा भार वाहावा लागला. आणि सत्य बोलतो कोण? फारो. परराष्ट्राचा राजा देवाच्या भक्ताला विचारतो की हे तू मला आधी का सांगितले नाहीस. त्या प्रश्नाला अब्रामाचे उत्तर शास्त्रात नाही.

सुइणींचे काय?

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील इब्री सुइणींनी फारोला खरे सांगितले नाही, आणि देवाने त्यांचे कल्याण केले. राहाबने हेरांना लपवून शिपायांना भलत्या वाटेला लावले, आणि नव्या करारात तिचा उल्लेख आदराने येतो. मग असत्य नेहमीच पाप कसे?

ख्रिस्ती विचारवंतांचे याविषयी एकमत झालेले नाही. संत ऑगस्टीनने असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणत्याही कारणास्तव असत्य त्याज्य ठरविले. उलट, हिटलरच्या तुरुंगात असताना डिट्रिख बोनहॉफर यांनी सत्य बोलणे म्हणजे काय, यावर एक निबंध लिहावयास घेतला. त्यातील उदाहरण प्रसिद्ध आहे. शिक्षक साऱ्या वर्गासमोर एका मुलाला विचारतो की तुझा बाप दारू पिऊन घरी येतो ना? ते खरे असते, तरी मूल 'नाही' म्हणते. बोनहॉफर म्हणतात की दोष शिक्षकाचा. घराच्या आतील गोष्ट चव्हाट्यावर मागण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि मुलाचे 'नाही' हे आपल्या घराशी इमान राखण्याचा कच्चा पण खरा प्रयत्न होता.

मी हे उदाहरण पुष्कळ दिवस मनात घोळविले. दादांना ते सांगावे, असेही वाटले. मग त्यातील भेद लक्षात आला. त्या मुलाच्या दारी प्रश्न आपण होऊन आला होता. आपण मात्र स्वतः अर्ज घेऊन दुसऱ्याच्या दारी गेलो आहोत. ज्याच्यापाशी मागावयास गेलो, त्याला 'तू कोण?' असे विचारण्याचा अधिकार नाही, असे म्हणता येणार नाही. सुइणींनी आणि राहाबने दुसऱ्यांचे प्राण वाचविले. तेथे सत्तेने रक्त मागितले होते. छळातून जीव घेऊन पळणाऱ्या निर्वासिताची गोष्ट निराळी असू शकते, आणि त्याचा न्याय करावयास मी धजणार नाही. येथे मात्र सत्तेने काळ मागितला होता. तो फार मागितला होता, कठोरपणे मागितला होता. पण प्राण मागितला नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या मुलाच्या 'नाही'ने घराचे नाते राखले. आमच्या मुलीच्या 'अविवाहित'ने नाते नाकारले गेले असते.

'एमेथ' हा शब्द

इब्री भाषेत सत्यासाठी 'एमेथ' असा शब्द आहे. 'आमेन' ज्या धातूपासून येतो, त्याच धातूचा तो शब्द. मूळ कल्पना टिकण्याची, भार सोसण्याची, विसंबून राहता येण्याची. म्हणूनच भाषांतर करताना आमची नेहमी तारांबळ होते. एका ठिकाणी 'सत्य' लिहावे लागते, दुसऱ्या ठिकाणी 'विश्वासूपणा'. मराठीला हे दोन शब्द लागतात. इब्रीला ती एकच गोष्ट वाटते. वस्तुस्थितीशी जुळणारा शब्द एवढेच सत्य नव्हे. ज्यावर दुसऱ्या माणसाला टेकता येते, ते सत्य.

या अर्थाने पाहिले की प्रश्न बदलतो. मी आतापर्यंत विचार करीत होतो तो 'अमेरिकन सरकारला सत्य सांगण्यास आपण किती बांधलेले आहोत?' असा. खरा प्रश्न होता, 'त्या तरुणाला ती काय देणे लागते?' ज्या दिवशी त्याने तिला 'पत्नी' म्हणून स्वीकारावयाचे, त्याच दिवसापासून तो तिच्या कागदांत कोठेच नसावयाचा. वर्षे गेल्यावर त्याला बोलावण्यासाठी विवाहाची दुसरी, खोटी तारीख सांगावी लागली असती. मध्यंतरी मूल झाले, तर त्याच्या जन्मदाखल्याचे काय? आणि असले खोटे केव्हातरी उघडकीस आले, तर मिळालेले ग्रीन कार्डच नव्हे, पुढे मिळालेले नागरिकत्वही जाऊ शकते आणि त्या देशाचे दार बहुधा कायमचे बंद होते. तेव्हा वाड्यात कोण अडकले असते, हे सारेच्या गोष्टीने सांगितलेच आहे.

नवव्या आज्ञेत खोट्या साक्षीचा संबंध शेजाऱ्याशी जोडलेला आहे. फॉर्म भरताना कोणता शेजारी, असे आपण म्हणतो, कारण समोर फक्त कागद दिसतो. पण रांगेत माणसे उभी असतात. क्रमांक मोजके असल्यामुळे ज्याने खोटे सांगून जागा घेतली, त्याच्यामागचा कोणीतरी एक मागे सरकतो. कोठेतरी दुसरी एक मुलगी खरोखर लग्न लांबवून बसलेली असते. आणि आपले खोटे पकडले गेले की पुढच्या खऱ्या माणसाच्या कागदांकडेही अधिकारी संशयाने पाहू लागतो.

अन्यायी कायदा आणि कागदी पुत्र

कोणी म्हणेल, कायदाच अन्यायी असेल तर? हे खरे आहे की परक्यांविषयीचे कायदे नेहमीच न्याय्य नसतात. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की भारतीय मनुष्य 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. थिंद यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ साली नागरिक झालेले भारतीय होते. सरकार त्यांच्यावरही उलटले. त्यांनी काहीही न लपविता आपला खटला आपणच लढविला, आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला फक्त शंभर जणांना प्रवेश दिला. १९६५ च्या कायद्याने वंशाचा निकष जाऊन नात्याला प्राधान्य आले. आज आपण ज्या रांगेला नावे ठेवतो, ती त्या काळच्या बंद दारापेक्षा बरी आहे. याचा अर्थ ती चांगली आहे असा नव्हे. जी मुलगी आईवडिलांच्या पोटची आहे, ती एका वाढदिवसाने त्यांच्या कुटुंबाबाहेर जाते, हे कोणत्याही भाषेत न्याय्य म्हणता येणार नाही. लेवीय १९:३३-३४ मध्ये परक्याला स्वदेशीयाप्रमाणे वागवावयास सांगितले आहे. त्या मापाने मोठमोठी राष्ट्रे उणी भरतात, आणि आपले राष्ट्रही त्याला अपवाद नाही.

पण अन्यायी कायद्यापुढे खोट्या नात्याने काय होते, याचाही इतिहास आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची बंदी झाली. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील नोंदी जळाल्या, तेव्हा अनेक चिनी लोकांनी आपला जन्म तेथलाच असल्याचे सांगून नागरिकत्व मिळविले, आणि मग परक्यांची मुले त्यांची मुले म्हणून येऊ लागली. त्यांना 'कागदी पुत्र' म्हणत. एंजल बेटावर त्यांची कसून उलटतपासणी होई : गावात घरे किती, विहीर कोठे, दाराला पायऱ्या किती. ही सारी उत्तरे ते पाठ करून येत. त्यांना दोष द्यावयास माझी जीभ वळत नाही. दार त्यांच्या तोंडावर केवळ वंशामुळे बंद केले गेले होते. पण किंमत पाहा. अनेकांनी जन्मभर दुसऱ्याचे आडनाव लावले, मुलांना तेच दिले, खऱ्या बापाचे नाव घरातही हळू आवाजात घेतले. १९५६ मध्ये सरकारने कबुलीची योजना काढली, तेव्हा एकाने खरे सांगितले की त्याच्या कागदाला बांधलेले सगळे नातेवाईक उघडे पडत. नाते जोडण्यासाठी केलेल्या कागदाने नात्यांनाच भीती घातली.

प्रेषित पौलाजवळही नागरिकत्व होते. यरुशलेमेत चाबकाचे फटके पडण्याच्या वेळी त्याने ते उघडपणे सांगितले, तेव्हा सरदार म्हणाला की मी तर मोठी रक्कम देऊन ते मिळविले (कृत्ये २२:२५-२८). त्या काळीही नागरिकत्व विकत मिळत होते! पौलाने आपल्या हक्काचा उपयोग केला. ते गैर नव्हते. स्वर्गीय नागरिकत्वाविषयी लिहिणाऱ्या त्या मनुष्याला पृथ्वीवरच्या नागरिकत्वाची लाज वाटली नाही. म्हणून परदेशी जाणे म्हणजे लोभ, असे मी म्हणत नाही. जावे, कायद्याने जे मागता येते ते सर्व मागावे. फक्त आपल्या माणसाला नाकारून मागू नये.

पुढे काय झाले

आठवड्याने मी प्रथम त्या मुलीला भेटलो. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "काका, तो तयार आहे. 'तुझ्या आईबाबांसाठी मी थांबेन, माझं नाव कुठं नसलं तरी चालेल,' म्हणतो. तो तयार आहे म्हणूनच मला भीती वाटते. उद्या मलाही त्याची सवय झाली तर?"

मी इतकी वर्षे पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत आहे, पण बाराव्या अध्यायावर यापेक्षा चांगले भाष्य मी वाचलेले नाही.

त्यानंतर मी दादांना फोन केला. सर्व मार्ग त्यांच्यापुढे ठेवले. ती अविवाहित राहून वाट पाहू शकते. तुम्ही नागरिक होईपर्यंत ती थांबू शकते. मग फाइल जिवंत राहील, जरी ती लांबच्या रांगेत गेली तरी. किंवा ती आता लग्न करील आणि ही फाइल जाईल. यांपैकी काहीही तिने निवडले, तरी ते खरे असेल. चौथा मार्ग मला दाखविता येणार नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या सत्याची किंमत मी द्यायची ना?" आणि फोन ठेवला.

२०१५ साली चर्चमध्ये, सर्वांसमक्ष, नोंदवहीत सह्या करून तिचे लग्न झाले. दादा आले, मुलीला हाताला धरून वेदीपर्यंत घेऊन गेले. माझ्याशी ते बोलले नाहीत. फाइल रद्द झाली. २०१९ मध्ये दादा अमेरिकेचे नागरिक झाले. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे त्याच क्षणी त्यांचे भारतीय नागरिकत्व संपले. त्यांनी विवाहित मुलीसाठी नवी फाइल टाकली आहे. तिचा क्रमांक अजून आलेला नाही. यायला आणखी काही वर्षे जातील, आणि तोवर मुलीला जावेसे वाटेल की नाही, तेही सांगता येत नाही.

सत्य सांगितले म्हणून देवाने सर्व ठीक केले, असे मी लिहू शकत नाही. तिचे बाळंतपण झाले तेव्हा आईला रजा मिळाली नाही. आजीने नातीला पहिले वर्षभर फोनच्या पडद्यावरच पाहिले. दादांचे वाक्य खरे होते. सल्ला मी दिला आणि किंमत त्यांनी दिली. ज्याचे काहीच जात नाही, त्याला सत्याविषयी बोलणे फार सोपे असते. आपल्या व्यासपीठांवरून होणाऱ्या पुष्कळशा उपदेशाचा हाच दोष आहे.

मग मंडळीचे कर्तव्य काय? खोटे बोलू नका, एवढे सांगून ते संपत नाही. इफिसकरांस पत्रात जे परके होते त्यांना एकाच श्वासात सहनागरिक आणि देवाच्या घरचे म्हटले आहे (२:१९). ज्याचे घर कायद्याने तोडले आहे, त्याला आपण 'घरचे' म्हणत असू, तर त्या शब्दावर त्याला टेकता आले पाहिजे. नाहीतर आपला शब्दही कागदावरचाच. ज्याला खरे बोलावयास सांगितले, त्याच्या खरेपणाचा भार आपणही उचलला पाहिजे. माहितीच्या अभावी माणसे मध्यस्थांच्या हाती लागतात. म्हणून आपल्यातील जाणत्यांनी कायद्यातील खरे मार्ग त्यांना समजावून द्यावेत. मागे राहिलेल्या लेकी आणि म्हातारी माणसे यांच्याकडे जाणेयेणे ठेवावे.

त्या बाळंतपणात आमच्या प्रार्थनासभेतील तीन स्त्रियांनी पाळी लावून चाळीस दिवस तिच्या घरी काढले. एकीने डिंकाचे लाडू केले, एक रोज बाळाला न्हाऊ घाली, तिसरी रात्री थांबे. तिच्या नवऱ्याच्या आईला मराठी येत नव्हते आणि यांना तमिळ बेताचीच. पण काही अडले नाही. बाराव्या दिवशी दादांचा फोन आला. एकीने तो मुलीच्या हाती दिला. बोलणे झाल्यावर मुलीने तो माझ्याकडे केला. दादा म्हणाले, "भाऊ, त्या बायकांना माझा सलाम सांगा." इतकेच. लग्न ठरल्यानंतर प्रथमच ते माझ्याशी असे बोलले होते.

तो निरोप मी पोचविला. ज्या घरांत अशी फाइल पडून आहे आणि रात्री फोनची वाट पाहिली जाते, त्या सर्व घरांवर प्रभूची कृपा असो. आणि त्यांना खरे बोलावयास सांगताना आपण त्यांच्या शेजारी उभे आहोत ना, हे आपण प्रत्येकाने तपासून पाहावे.